वाळूवर पेरलेली शिंक

उत्तर चीनच्या शान्शी प्रांतात, मू उस वाळवंटाच्या काठावर, यूलिन नावाचं शहर आहे. मिंग राजवटीत ते सरहद्दीवरचं लष्करी ठाणं होतं. उत्तरेकडून येणाऱ्या घोडेस्वारांवर नजर ठेवणारा तिथला बुरूज आजही उभा आहे. घोडेस्वार यायचे थांबले, वाळू मात्र येत राहिली. शेतं, विहिरी, वस्त्या पोटात घेत ती दक्षिणेला सरकत होती. १९५०च्या दशकापासून सरकारनं तिला अडवायची मोहीम काढली. वाळूत तग धरणारी झुडपं लावायची, त्यांच्या मुळांनी जमीन धरून ठेवायची, असा सरळ बेत होता. त्यात आघाडीवर होतं ‘शा-हाओ’ नावाचं करड्या पानांचं, उग्र वासाचं झुडूप. त्याचं बी आधी माणसांनी फेकलं, पुढे विमानांतून फेकलं. ते रुजलं, पसरलं. २०२० साली प्रांताच्या वनखात्यानं जाहीर केलं, की यूलिनमधली ९३ टक्क्यांहून अधिक वाळवंटी जमीन आटोक्यात आली आहे.

तोवर यूलिनकरांची नाकं वाहू लागून बराच काळ लोटला होता.

शा-हाओ जुलै ते सप्टेंबरमध्ये फुलतं. त्याला मधमाशी लागत नाही, पराग वाऱ्यावर सोडायचे एवढंच त्याचं काम. त्या दिवसांत शहरात शिंका, डोळ्यांची आग, रात्री नाक बंद आणि काहींना थेट दमा. २०२३च्या उन्हाळ्यात हा विषय चिनी वर्तमानपत्रांत आणि समाजमाध्यमांवर इतका गाजला, की स्थानिक प्रशासनाला शा-हाओच्या जागी दुसरी झाडं लावण्याबद्दल बोलावं लागलं. उत्तर चीनच्या गवताळ पट्ट्यात सहा हजारांहून अधिक लोकांची एक पाहणी झाली होती, ती २०१८मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यात ३२.४ टक्के लोकांना नाकाच्या ॲलर्जीची लक्षणं होती, आणि १८.५ टक्के लोकांच्या बाबतीत दोषी पराग असल्याचं त्वचेच्या चाचणीनं दाखवलं. मोठ्या शहरांतही आकडे चढतेच आहेत. अठरा शहरांतल्या प्रौढांना विचारलं तेव्हा २००५मध्ये ११.१ टक्के लोकांनी आपल्याला हा त्रास असल्याचं सांगितलं होतं, २०११मध्ये १७.६ टक्क्यांनी.

पुणेकरांना ही कथा फार परकी वाटू नये. १९५०च्या दशकाच्या मध्यावर पुण्यात पहिल्यांदा नोंदलं गेलेलं गाजर गवत याच सूर्यफूल कुळातलं, आणि शिंका व त्वचेची खाज देण्यात तेही मागे नाही. फरक इतकाच की ते आपण पेरलं नव्हतं.

शा-हाओ ज्या प्रजातीत मोडतं तिचं शास्त्रीय नाव आर्टेमिसिया. आपल्याकडे चैत्रात जोतिबाला वाहतात तो दवणा याच प्रजातीतला. मलेरियावरचं आर्टेमिसिनिन याच प्रजातीतल्या एका झुडपातून निघालं, आणि त्याबद्दल तू योयो यांना २०१५मध्ये नोबेल पारितोषिक मिळालं. चिनी वैद्य ॲक्युपंक्चरच्या सुईच्या जोडीला जी वाळलेल्या पानांची धुनी देतात, जिला आपण मॉक्सा म्हणतो, ती पानंही याच प्रजातीतली. म्हणजे नाकाला त्रास देणारं हेच, आणि त्या त्रासावर ‘ऊब आणण्यासाठी’ जाळतात तेही हेच. २०२१मध्ये चीनच्या औषध नियामकानं जिभेखाली ठेवायचे थेंब मंजूर केले. ज्या वनस्पतीनं तू योयोंना नोबेल दिलं तिचेच पराग त्या थेंबांत असतात, सूक्ष्म मात्रेत सुरू करून हळूहळू वाढवायचे, म्हणजे शरीराला त्यांची सवय होते. यात पारंपरिक काही नाही, ही शुद्ध आधुनिक इम्युनोथेरपी आहे. तरी बाहेरचा माणूस ‘चिनी झुडपाचे थेंब’ ऐकून त्याला चिनी वैद्यक समजेल. नाकाच्या ॲलर्जीवरच्या चिनी उपचारांबद्दल आपल्याकडे जे बोललं जातं त्यात हा घोटाळा पदोपदी होतो. झाडपाला म्हणजे सौम्य, गोळी म्हणजे रसायन, सुई म्हणजे चमत्कार किंवा थोतांड. प्रत्यक्षात चीनमध्ये या भिंती फार पूर्वीच पडल्या आहेत.

चीनच्या १९८२च्या राज्यघटनेच्या एकविसाव्या कलमात आधुनिक वैद्यक आणि पारंपरिक चिनी वैद्यक दोन्ही वाढवण्याची जबाबदारी सरकारवर टाकली आहे. १९५६मध्ये बीजिंग, शांघाय, ग्वांगझो आणि छंगदू इथे पारंपरिक वैद्यकाची पहिली चार सरकारी महाविद्यालयं निघाली. आज मोठ्या शहरांत चिनी वैद्यकाची स्वतंत्र रुग्णालयं आहेत. त्यांत रक्ततपासणी होते, सीटी स्कॅन होतो. उलट आधुनिक रुग्णालयांत चिनी औषधांचा विभाग असतो. नाकाचा रुग्ण एकाच दुपारी स्टिरॉइडचा स्प्रे, काढ्याची चिठ्ठी आणि सुयांची तारीख घेऊन बाहेर पडला तर कुणाला नवल वाटत नाही. नाक-कान-घसा तज्ज्ञांच्या २०२२च्या चिनी मार्गदर्शक सूचनांत स्प्रे आणि ॲलर्जीच्या गोळ्या आघाडीला आहेत, आणि चिनी औषधं व सुयांनाही जागा आहे.

चिनी वैद्य या आजाराकडे कसं बघतो? आधी तो जीभ बघतो: रंग, थर, कडेला दातांचे ठसे आहेत का. मग दोन्ही मनगटांवर तीन-तीन बोटं ठेवून नाडी. स्राव पाण्यासारखा आहे की घट्ट, सकाळी वाढतो की वाऱ्यात, हातपाय गार असतात का, शौच कसं होतं, हे विचारतो. मग रुग्णाला साधारण चार खणांपैकी एकात बसवतो: फुप्फुसाची ‘छी’ (जीवनशक्ती) कमी आणि गारठा, प्लीहा दुबळी, मूत्रपिंडाचं ‘यांग’ (ऊब देणारं बळ) क्षीण, किंवा फुप्फुसाच्या वाहिनीत लपलेली उष्णता. यातली फुप्फुसं, प्लीहा, मूत्रपिंडं म्हणजे शवविच्छेदनात दिसणारे अवयव नव्हेत, ती कार्यांची नावं आहेत. वात-कफाच्या भाषेत वाढलेल्या मराठी माणसाला हे ओळखीचं वाटेल, आणि त्यामुळेच तो घाईनं ‘आपल्याकडेही हेच आहे’ म्हणून मोकळा होईल. तसं म्हणू नये. दोन्हींकडे प्रकृती पाहिली जाते हे खरं, पण औषधं वेगळी, तर्क वेगळा, आणि मुख्य म्हणजे पडताळणीचा इतिहासही वेगळा आहे.

या विचारातली मध्यवर्ती कल्पना अशी: त्वचा आणि नाकाच्या सीमेवर एक रक्षक ‘छी’ फिरत असते, ती कमी पडली की ‘वारा’ आत शिरतो. तिला बळ देणारं सर्वांत प्रसिद्ध औषध म्हणजे यू-फिंग-फंग सान. त्यात फक्त तीन मुळं: ॲस्ट्रॅगॅलस, पांढरं ॲट्रॅक्टिलोडिस आणि फांग-फंग. शिंकांचा मोसम सुरू होण्याआधी काही आठवडे ते घ्यायला सांगतात. चूर्ण, काढा, गोळ्या, पाण्यात विरघळणारे दाणे, सगळ्या रूपांत ते मिळतं. त्यावर चिनी भाषेत चाचण्यांचा ढीग आहे. त्यातल्या बऱ्याच लहान आहेत, आणि कोणाला खरं औषध मिळतंय हे रुग्णालाही ठाऊक अशा. काढ्याची खोटी प्रत बनवणं सोपं नसतं, त्याची चवच चुगली करते. म्हणून मी या औषधाबद्दल ‘बहुधा निरुपद्रवी, कदाचित उपयोगी’ याच्या पुढे जाणार नाही.

वाहतं नाक, कपाळ जड, वास येत नाही, अशा वेळी काढतात ते दुसरं औषध: त्सांग-अर-त्झ सान. सोंग राजवटीतल्या यान योंगहे या वैद्याच्या तेराव्या शतकातल्या ग्रंथात ते येतं. घटक चार: शिन-यी, त्सांग-अर-त्झ, बाय-झी आणि पुदिना. शिन-यी म्हणजे मॅग्नोलियाच्या न उमललेल्या कळ्या. आपला सोनचाफा याच मॅग्नोलिया प्रजातीतला. हनान प्रांतातला नानझाओ तालुका या कळ्यांसाठी नावाजलेला. वसंत लागण्याआधी, कळी घट्ट मिटलेली असतानाच ती तोडतात, तेव्हा तिच्यावर दाट मऊ लव असते. काढ्यात टाकताना ती कापडाच्या पुरचुंडीत बांधावी लागते, नाहीतर लव घशात टोचते. आता मोठ्या रुग्णालयांतली औषधालयंच काढा उकळून देतात आणि रुग्ण एकेका मात्रेची प्लास्टिकची सीलबंद पाकिटं घेऊन घरी जातो. गरम पाण्यात पाकीट धरायचं, फाडायचं, प्यायचं. कोपऱ्यावरच्या वैद्याच्या खलबत्त्यापासून ही मजल फार लांबची आहे.

त्याच औषधातलं त्सांग-अर-त्झ मात्र गंभीर प्रकरण आहे. हे झॅन्थियमचं काटेरी फळ, आपल्याकडे शंकेश्वर म्हणतात ते. पडीक रानातून चालताना धोतराला आणि गुरांच्या शेपटीला चिकटणारं. या फळात कार्बॉक्सिॲट्रॅक्टिलोसाइड नावाचं विष असतं, पेशींमधली ऊर्जा बनवण्याची यंत्रणाच ते बंद पाडतं, आणि यकृत आधी कोसळतं. जुन्या चिनी वैद्यांना रसायन माहीत नव्हतं, पण धोका माहीत होता. म्हणून फळ काटे जळेपर्यंत भाजून, मोजून वापरायचं असा दंडक आहे. कच्चं रोप किती घातक ठरतं ते २००७च्या शेवटी बांगलादेशात दिसलं. सिल्हेट भागात अन्नटंचाईच्या दिवसांत लोकांनी झॅन्थियमची कोवळी रोपं भाजी म्हणून खाल्ली. ७६ जण आजारी पडले, त्यातले १९ मेले. रानातून शंकेश्वर तोडून आणून ‘चिनी काढा’ करण्याचा उत्साह कुणाला वाटत असेल तर त्यानं हे वाक्य पुन्हा वाचावं.

तिसऱ्या औषधाची गोष्ट मला सगळ्यांत जास्त आवडते, कारण तिच्यात परंपरा, रसायन आणि कायदा एकत्र येतात. इसवी सनाच्या २०० सालाच्या आसपास, हान साम्राज्य कोसळत असताना, झांग झोंगजिंग या वैद्यानं थंडीतापांवर एक ग्रंथ लिहिला. त्यातलं श्याओ-छिंग-लोंग थांग, म्हणजे ‘धाकट्या हिरव्या ड्रॅगनचा काढा’, आजही नाकासाठी दिलं जातं. घटक आठ: मा-हुआंग, दालचिनीच्या कोवळ्या फांद्या, सुंठ, ज्येष्ठमध, पिओनीचं मूळ, वू-वेई-त्झ नावाची आंबट फळं, बान-शिया नावाचा अळूच्या कुळातला कंद, आणि शी-शिन. पाण्यासारखं वाहणारं नाक, सकाळच्या शिंका, छातीत गारठा, अशा रुग्णाला हे देतात. जपाननं ते उचललं. तिथे त्याला शो-सेइ-र्यू-तो म्हणतात. जपाननं १९६७पासून अशी औषधं सरकारी आरोग्य विम्यात घ्यायला सुरुवात केली, आणि आज ॲलोपॅथीचा डॉक्टरच हे दाणेदार औषध लिहून देतो. जपानला त्याची गरजही मोठी. महायुद्धानंतर उजाड डोंगरांवर सुगी नावाची देवदारासारखी झाडं लाखोंनी लावली, आणि दर वसंतात देशाचा मोठा हिस्सा शिंकू लागला. २०२३मध्ये जपान सरकारला जाहीर करावं लागलं, की या लागवडीचं क्षेत्र दहा वर्षांत वीस टक्क्यांनी घटवू. यूलिनचीच कथा, फक्त झाड निराळं.

जपानमध्ये १९९५मध्ये या काढ्याची दुहेरी-अंध चाचणी प्रसिद्ध झाली, दोनशेहून अधिक रुग्णांवर, खोट्या औषधाशी तुलना करून. काढा ठळकपणे सरस ठरला. यात चमत्कार काय? फारसा नाही. मा-हुआंग म्हणजे एफेड्रा. जपानी रसायनतज्ज्ञ नागाइ नागायोशी यांनी १८८५मध्ये त्यातून एफेड्रिन वेगळं काढलं. पुढे १९२०च्या दशकात बीजिंगच्या युनियन मेडिकल कॉलेजात चेन केहुइ आणि कार्ल श्मिट यांनी त्याचे गुणधर्म जगापुढे मांडले. औषधी वनस्पतींतल्या जाणकार अशा एका नातलगानं चेन यांना हे झाड सुचवलं, अशी हकिगत त्यांच्या चरित्रांत येते. एफेड्रिन नाकातल्या फुगलेल्या रक्तवाहिन्या आकसवतं, श्वासनलिका सैल करतं. त्याचाच भाऊबंद स्यूडोएफेड्रिन जगभरच्या सर्दीच्या गोळ्यांत गेला. म्हणजे आपण ज्याला ‘इंग्रजी गोळी’ म्हणतो तिची एक वंशावळ थेट हान काळातल्या काढ्यापर्यंत जाते.

आणि जे औषध नाक उघडतं तेच हृदयाचे ठोकेही वाढवतं, रक्तदाब चढवतं, झोप उडवतं. अमेरिकेत वजन घटवण्यासाठी एफेड्राच्या गोळ्या सर्रास विकल्या जात होत्या. मृत्यू झाले, पक्षाघात झाले, तेव्हा २००४मध्ये तिथल्या एफडीएनं अशा पूरक गोळ्यांवर बंदी घातली. खुद्द चीनमध्ये एफेड्राची तोड आणि विक्री सरकारी नियंत्रणात आहे, कारण एफेड्रिनपासून मेथॅम्फेटामिन हा अमली पदार्थ बनतो.

आता एक गोळी. चीनमधल्या औषधांच्या दुकानांत नाकासाठी ‘बी-यान-कांग’ नावाच्या गोळ्या सहज मिळतात. पुठ्ठ्याच्या खोक्यावर वनस्पती, वर्गवारी पारंपरिक औषधाची. घटकांच्या यादीत पचौली आहे, शंकेश्वर आहे, एफेड्रा आहे, रानटी शेवंती आहे, पुदिन्याचं तेल आहे. त्याच यादीत क्लोरफेनिरामिन मॅलिएट आहे, एका गोळीत एक मिलिग्रॅम. पूर्ण दिवसाची मात्रा बारा गोळ्यांची. क्लोरफेनिरामिन म्हणजे आपल्याकडे सर्दीच्या जवळजवळ प्रत्येक स्वस्त गोळीत असणारं, झोप आणणारं जुनं ॲलर्जीविरोधी औषध. भारताच्या औषध नियंत्रकांनी २०२३च्या डिसेंबरमध्ये क्लोरफेनिरामिन आणि फेनिलेफ्रिन यांचं मिश्रण चार वर्षांखालच्या मुलांना देऊ नये असा आदेश काढला, ते हेच. चिनी खोक्यावर ते लपवलेलं नाही, स्पष्ट छापलेलं असतं. पण ‘मला ॲलोपॅथी सोसत नाही, मी झाडपाल्याचं घेते’ म्हणणारी बाई नेमकं तेच घेत असते, आणि बरं वाटण्याचं श्रेय शेवंतीला देत असते. गाडी चालवताना डुलकी लागली तर दोष मात्र रात्रीच्या जागरणाला.

हे छापलेलं तरी असतं. जे छापलेलं नसतं त्याची आठवण ब्रसेल्समधली आहे. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला तिथल्या एका वजन घटवण्याच्या दवाखान्यात स्त्रियांना चिनी वनस्पतींच्या कॅप्सूल दिल्या जात. फांग-जी नावाची एक वनस्पती हवी होती, मिळालं त्याच नावाच्या जवळचं दुसरंच मूळ, ॲरिस्टोलोकिया वर्गातलं. त्यातल्या ॲरिस्टोलोकिक आम्लानं शंभराहून अधिक स्त्रियांची मूत्रपिंडं निकामी झाली. पुढे काहींना मूत्रमार्गाचा कर्करोग झाला. १९९३मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये हे प्रथम छापून आलं. नाकाच्या काढ्याशी याचा संबंध काय? धाकट्या ड्रॅगनच्या काढ्यातलं शी-शिन त्याच कुळातलं आहे आणि त्याच्या पानांत हे आम्ल अधिक असतं. म्हणून चिनी औषधकोशानं २००५च्या आवृत्तीपासून फक्त मूळ वापरायचं असा नियम केला. जुन्या वैद्यांमध्ये तर शी-शिन एका ‘छ्येन’पेक्षा, म्हणजे सुमारे तीन ग्रॅमपेक्षा, जास्त देऊ नये अशी म्हणच आहे. परंपरा आंधळी नव्हती. आंधळा असतो तो परंपरेचा बाजार.

सुयांकडे वळू. नाकासाठीचे बिंदू कुणीही आरशात बघून दाखवू शकेल: नाकपुड्यांच्या दोन्ही बाजूंच्या खाचेत यिंग-शियांग, भुवयांच्या मध्ये यिन-थांग, अंगठा आणि तर्जनीच्या बेचक्यात ह-गू, मानेच्या मागे फंग-ची, गुडघ्याखाली त्सू-सान-ली. केसाइतक्या बारीक सुया, वीस-तीस मिनिटं, आठवड्यातून दोनदा, सहा-आठ आठवडे.

बीजिंगच्या थोंगरन रुग्णालयात मात्र याहून धाडसी प्रकार जन्मला. ली शिनवू हे तिथले नाक-कान-घशाचे डॉक्टर. १९६०च्या दशकापासून त्यांनी एक वेगळीच वाट शोधली. गालाच्या हाडाखालून पाच-साडेपाच सेंटिमीटर लांबीची सुई आत घालायची, आणि नाकाच्या मागे कवटीच्या खोबणीत असलेल्या स्फेनोपॅलटाइन नावाच्या मज्जागुच्छापर्यंत न्यायची. नाकातल्या रक्तवाहिन्या किती फुगाव्यात, स्राव किती व्हावा, याचं नियंत्रण तिथून होतं. सुई योग्य जागी लागली की दातांकडे विजेचा झटका बसल्यासारखं वाटतं, आणि बऱ्याच रुग्णांचं नाक तिथल्या तिथे मोकळं होतं. याला छी-वाहिनीचा सिद्धान्त लागत नाही, शरीररचनाशास्त्र पुरतं. जोखीमही तशीच आहे. जवळच धमन्या असल्यामुळे गालात रक्त साकळू शकतं, म्हणून हे काम शिकलेल्या हातांचंच.

साध्या सुयांची सर्वांत काटेकोर परीक्षा जर्मनीत झाली, २०१३मध्ये ती प्रसिद्ध झाली. बर्च आणि गवताच्या परागांची ॲलर्जी असलेले ४२२ रुग्ण, तीन गट. एकाला खऱ्या सुया, दुसऱ्याला चुकीच्या जागी वरवर टोचलेल्या सुया, तिसऱ्याला लागली तर सेटिरिझिनची गोळी. पहिल्या दोन गटांनाही गोळीची मुभा होती. आठ आठवड्यांत बारा वेळा उपचार. खऱ्या सुयांचा गट पुढे राहिला, त्यांचा त्रासही कमी झाला आणि गोळ्याही. पण खोट्या सुयांशी तुलना केली तर अंतर बारीक होतं, आणि आणखी आठ आठवड्यांनी ते पुसलं गेलं. मेलबर्नच्या आरएमआयटी विद्यापीठातल्या आणि चीन-कोरियाच्या संयुक्त चाचण्यांत निकाल थोडे अधिक अनुकूल आले. अमेरिकेतल्या नाक-कान-घसा तज्ज्ञांच्या संघटनेनं २०१५मध्ये या सगळ्याचा हिशेब करून सांगितलं: औषधांशिवायचा मार्ग हवा असणाऱ्याला डॉक्टर सुयांचा पर्याय देऊ शकतात. वनौषधींबद्दल मात्र बाजूनं किंवा विरुद्ध काहीच शिफारस करता येत नाही. मला हा निवाडा न्याय्य वाटतो. सुयांनी फरक पडतो, तो लहान आहे, काही महिन्यांचा आहे, आणि त्यातला बराचसा वाटा कुणीतरी अर्धा तास शांत पडायला लावून लक्ष देण्याचाही असणार. त्यात वाईट काय? काहीच नाही, जोवर त्यासाठी कुणी दम्याचा इन्हेलर बंद करत नाही.

चीनमध्ये या विषयातला खरा उत्सव मात्र उन्हाळ्यात असतो. चिनी पंचांगात उत्तरायणाच्या शेवटानंतरच्या ठरावीक दिवसापासून ‘सान-फू’ नावाचे वर्षातले सर्वांत तापलेले तीस किंवा चाळीस दिवस मोजतात. २०२५मध्ये त्यांचे तीन टप्पे २० जुलै, ३० जुलै आणि ९ ऑगस्टला लागले. हिवाळ्याचा रोग उन्हाळ्यात उपटावा या तत्त्वानं त्या दिवसांत पाठीवर औषधी लेपाच्या चकत्या चिकटवतात. मूळ कृती झांग लू या वैद्याच्या १६९५च्या ग्रंथात आहे, ती दम्यासाठी: पांढरी मोहरी, यान-हू-सुओ, गान-सुई, शी-शिन, जरा कस्तुरी, आल्याच्या रसात खललेली. पुढे नाकाचे रुग्णही त्यात आले. जुलैत शांघाय, ग्वांगझो, बीजिंगच्या चिनी वैद्यक रुग्णालयांबाहेर रांगा लागतात, शाळेला सुटी असल्यामुळे आईवडील मुलांना घेऊन येतात. टी-शर्ट वर, मानेखाली आणि खांद्यांमध्ये चार-सहा चकत्या, दोन-तीन तासांनी काढायच्या, त्या दिवशी गार पाणी आणि आइस्क्रीम वर्ज्य. मोहरी कातडीला जाळते, लाली येते, फोड येतात. फोड आला तर औषध ‘लागलं’ असं मानणारेही आहेत. उपयोग होतो का? खोट्या चकत्यांशी नीट तुलना केलेले पुरावे तोकडे आहेत आणि भाजल्यासारखे डाग मात्र नक्की दिसतात. पोराच्या पाठीवर आयुष्यभराचा डाग ठेवण्याइतका हा पुरावा भक्कम नाही, असं माझं मत.

महाराष्ट्राचा या वैद्यकाशी संबंध बहुतेकांना एका नावापुरता माहीत असतो. १९३८मध्ये चीनला गेलेल्या पाच भारतीय डॉक्टरांच्या पथकात सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस होते, नागपूरचे चोळकरही होते. कोटणीस शल्यचिकित्सक, १९४२मध्ये तिथेच वारले. सुया भारतात आणल्या त्या त्याच पथकातल्या बिजॉय कुमार बसूंनी. ते १९५०च्या दशकाच्या अखेरीस पुन्हा चीनला जाऊन ही विद्या शिकले आणि कोलकात्यात त्यांनी ती सुरू केली. आज तीच विद्या महाराष्ट्रात कायद्याच्या चौकटीत आहे. ॲक्युपंक्चरसाठी महाराष्ट्रानं स्वतंत्र कायदा केला आहे. तो अधिनियम २०१५चा, त्याखाली परिषद आहे आणि नोंदणीही आहे. म्हणजे नाकासाठी सुया लावून घ्यायच्याच असतील तर पुण्या-मुंबईच्या माणसाला नोंदणी क्रमांक विचारण्याचा हक्क आहे. तो विचारला तर चांगला उपचारक रागावत नाही.

आपल्याकडे धोका सुयांपेक्षा पुड्यांचा आहे. परदेशातून कुणीतरी आणलेली गोळी, ऑनलाइन मागवलेले चिनी दाणे, ‘हर्बल’ म्हणून मिळणारा नाकाचा थेंब. यांत छापलेलं क्लोरफेनिरामिन असेल तर ते नशीब समजा, न छापलेलं स्टिरॉइड निघाल्याच्या घटना जगभर आहेत. म्हणून इतकंच करा. डॉक्टरांनी दिलेला नाकाचा स्प्रे किंवा इन्हेलर परस्पर बंद करू नका. सुया लावायच्या तर एकदाच वापरायच्या, तुमच्यासमोर पाकीट फोडून काढलेल्या. कोणतंही चिनी औषध घेण्याआधी त्यातल्या घटकांची यादी आपल्या डॉक्टरांना दाखवा. रक्तदाब किंवा हृदयविकार असेल तर एफेड्रा, मूत्रपिंडाचा त्रास असेल तर शी-शिन, यकृताचा असेल तर शंकेश्वर, ही नावं त्या यादीत आधी शोधा. गरोदर असाल तर काहीच घेऊ नका. आणि पुडीवर घटकांची यादीच नसेल, तर ती कितीही भरवशाच्या माणसानं दिलेली असो, परत करा.